डिंक, दुरुस्त्या आणि टिटवीचा तिसरा प्रश्न

टिटवीच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नाही. कारण साधं होतं : मला उत्तर येत नव्हतं. पण कारण इतकं साधं असल्यामुळेच घरात ते कुणाला पटत नव्हतं.

टिटवी म्हणजे माझी नात, मुलीची मुलगी. पाळण्यात असल्यापासून तिचा आवाज असा, की बारशाचं नाव बाजूला पडलं आणि हेच चिकटलं. शाळेनं तिच्या वर्गाला एक काम दिलं होतं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला पत्र लिहायचं, देशाच्या राज्यघटनेविषयी तीन प्रश्न विचारायचे आणि आलेलं उत्तर वर्गात वाचून दाखवायचं. टिटवीनं लिहिलं होतं, 'आजोबा, तुम्ही कायद्याच्या कॉलेजात ग्रंथालयात होतात ना, म्हणून मी वर्गात आधीच सांगून टाकलंय की माझ्या आजोबांना घटना पाठ आहे.' पुढे प्रश्न होते. घटनेच्या सुरुवातीला 'आम्ही लोक' असं लिहिलंय, तर तेव्हा तुम्हाला विचारलं होतं का? कलम आणि दुरुस्ती यांत फरक काय? आणि तिसरा, घटना बदलता येते, तर ती सगळीच्या सगळी बदलता येते का? खाली लाल शाईत शिक्षकांची सूचना होती : उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे.

या सूचनेनं माझा घात केला. दुसऱ्यांच्या शब्दांत मी काहीही लिहून दिलं असतं.

आता 'पाठ आहे' या गैरसमजाचं मूळ सांगायला हवं. सरकार घटनेत दुरुस्ती करतं तेव्हा दर वेळी नवं पुस्तक काही कुणी विकत घेत नाही. छापील पट्ट्या येतात. त्या कापायच्या आणि पुस्तकात जुन्या मजकुरावर नेमक्या बसवून चिकटवायच्या. आमच्या ग्रंथालयात हे काम माझ्याकडे होतं. नोकरीभर मी ते केलं. माझी पट्टी कधी तिरकी बसली नाही, कधी डिंक बाहेर आला नाही. प्राचार्य पाहुण्यांना माझी पानं दाखवत. देशाच्या घटनेतली प्रत्येक दुरुस्ती माझ्या हाताखालून गेली होती. डोक्यातून एकही गेली नव्हती. डिंक वाळायच्या आत पट्टी बसवायची असते, वाचत कोण बसणार? आणि मी तसा आज्ञाधारक माणूस. 'चिकटवा' म्हटलं, चिकटवलं.

निवृत्तीच्या दिवशी ग्रंथालयानं मला त्यातलीच एक रद्द केलेली प्रत भेट दिली. सगळ्यांना वाटलं, मला भरून आलं. खरं म्हणजे ती फार जड होती.

टिटवीचं पत्र मी चष्म्याच्या डबीत ठेवलं, म्हणजे रोज आठवण राहील. झालं असं, की चष्मा ठेवायला डबी उघडली की पत्र दिसे, पत्र दिसलं की तिन्ही प्रश्न दिसत. म्हणून मी डबी उघडणंच सोडलं आणि चष्मा खुर्चीवर ठेवू लागलो. मग एकदा त्यावर बसलो.

"एवढं चार ओळींचं उत्तर लिहायला काय होतंय तुम्हाला?" बायको म्हणाली. "पोरगी वाट बघतेय."

"आधी नीट समजून घ्यायला नको का?"

"लग्नाला होकार द्यायला एवढा वेळ नव्हता लावलात."

तेव्हा प्रश्न एकच होता, इथे तीन आहेत, असं म्हणायचं माझ्या मनात आलं. पण अशी वाक्यं मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात.

मग टिटवीचा फोन आला. बाकी सगळ्यांची उत्तरं वाचून झाली होती. राहिलेल्यांसाठी सत्राच्या शेवटी आणखी एक दिवस ठेवला होता, आणि राहिलेल्यांमध्ये ती एकटीच होती. "आजोबा, मुलं म्हणतात मी थाप मारली," ती म्हणाली. नेहमीचा आवाज नव्हता. हळू बोलत होती. टिटवी हळू बोलते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं, आणि फोन ठेवून सरळ कपाटावरून ती जड घटना खाली काढली.

पहिलं पान उघडलं. 'आम्ही लोक' पर्यंत सगळं ठीक होतं. पुढे वाक्यं सुरू झाली. एक वाक्य 'परंतु' पाशी वळायचं, 'तथापि' पाशी थांबायचं, 'उपरोक्त अपवाद वगळता' अशी मान हलवायचं आणि क्रियापदापर्यंत पोचेतो कर्ता कोण होता हे मी विसरलेला असायचो. शिवाय जिथे तिथे माझ्याच पट्ट्या. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर पट्टीखाली आधी काय होतं ते बघायला हवं. मी नखानं एक पट्टी उचलून पाहिली. हलेना. माझाच डिंक! अभिमान आणि वैताग एकाच वेळी वाटण्याचा तो पहिलाच प्रसंग.

शेवटी किटलीची वाफ दिली. पट्ट्या साय निघावी तशा निघू लागल्या. मी एकेक काढून पलंगावर ओळीनं वाळत घातली. काम इतकं छान चाललं होतं, की सगळ्या पट्ट्या काढून होईपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. कुठली पट्टी कुठल्या कलमावरची, हे मी टिपून ठेवलं नव्हतं.

ते लक्षात आलं त्याच क्षणी बायको आत आली. "काय ही कोंदट वाफ!" म्हणाली आणि तिनं पंखा पाचावर केला.

देशाच्या घटनेतल्या तमाम दुरुस्त्या एकदम उठल्या, खोलीभर एक गिरकी घेतली आणि उघड्या खिडकीतून बाहेर पडल्या. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो.

"जाऊ दे, रद्दीच होती ना?" बायको म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर नागरिकांचे काही हक्क खालच्या वाळत घातलेल्या चादरीवर बसले होते.

अर्ध्या तासात दारावरची घंटा वाजायला लागली. आमच्या इमारतीत सोळा घरं, आणि सगळी माणसं परत करण्याच्या बाबतीत प्रामाणिक. फक्त परत करताना कुणी नुसतं देत नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर पट्टी चिमट्यात धरून आले. "काका, 'सुनावणीची संधी दिल्याशिवाय कोणालाही स्थानबद्ध ठेवता येणार नाही', हे आधी घटनेत नव्हतं? मग आधी काय करायचे?" समोरच्या घरातल्या गणिताच्या निवृत्त बाई दोन पट्ट्या घेऊन आल्या आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं त्यांनी दारातच सिद्ध केलं. खाली शिवणकाम करणाऱ्या वहिनींनी तर एक पट्टी इस्त्री करून आणली होती. "भावोजी, सुरकुती होती, काढली. पण ही 'निरसित करण्यात येत आहे' म्हणजे काय करण्यात येतंय?"

"मी बघून सांगतो," मी प्रत्येकाला सांगत होतो. नोकरीत हे वाक्य मला फार उपयोगी पडलं होतं. इथे लोक ते ऐकून खुर्चीत बसले.

सगळ्यांची मतं एकाच वेळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, मूळ कलम किडलं म्हणून दुरुस्ती करावी लागते. वहिनी म्हणाल्या, किडत नाही, माणूस वाढतो, कपडा उसवावा लागतो. गणितबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं उपमा देताय, अर्थ कुणीच सांगत नाही. यावर सर्वांनी माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

"एक नवी प्रत आणून ताडून बघू," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातला हा एकमेव ठोस प्रस्ताव, आणि तो लगेच मंजूर झाला.

सरकारी पुस्तकभांडारात खिडकीमागच्या गृहस्थांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "घटना? कशासाठी?"

"वाचायला."

त्यांनी मागे वळून आवाज दिला, "अहो, हे वाचायला मागतायत." मागून दोन माणसं उठून मला बघायला आली. मग असं कळलं, की घटनेची मूळ प्रत संपली आहे, फेरछपाई विचाराधीन आहे. दुरुस्त्यांच्या पट्ट्या मात्र हव्या तेवढ्या मिळतील.

"पण मूळ पुस्तक नसेल तर पट्ट्या चिकटवायच्या कुठे?"

"ते आमच्या विभागाकडे येत नाही," ते सौजन्यानं म्हणाले. "तुम्ही लेखी विचारा, आम्ही लेखी कळवू."

मी आभार मानून बाहेर पडलो. आभार का मानले, यावर परतीच्या वाटेवर मी स्वतःशी बराच भांडलो आणि नेहमीप्रमाणे हरलो.

आता एकच मार्ग होता. पट्ट्या वाचायच्या, कलमं वाचायची, आणि कुठली पट्टी कुठली आहे ते अर्थावरून ओळखायचं. म्हणजे जे काम नोकरीभर टाळलं तेच. आमच्या घरातल्या टेबलावर ते मावेना, म्हणून गणितबाईंनी ठरवलं, की तळमजल्याच्या हॉलमध्ये लांब टेबल आहे, तिथे दर रविवारी सगळ्यांनी बसायचं. "आणि शिकवायचं तुम्ही," त्या मला म्हणाल्या.

"मला बोलता येत नाही हो."

"मला माहितीय. वर्गात असेच विद्यार्थी बरे असतात."

पहिल्या रविवारी मी 'नमस्कार' म्हणालो आणि खाली बसलो. एवढ्यावर माझं भाषण संपलं. पण त्यामुळे वादाला भरपूर वेळ मिळाला. संघटना करण्याचा हक्क मूळचा की मागाहूनचा, यावर डॉक्टर आणि वहिनी तावातावानं बोलले आणि शेवटी पट्टी नेमक्या जागी बसली तेव्हा दोघांनी टाळी दिली. पुढच्या रविवारी आणखी माणसं आली. इमारतीच्या अध्यक्षांच्या पत्नीही आल्या, पर्समध्ये स्वतःची कात्री घेऊन. मला हळूहळू काही काही कळायला लागलं होतं. भीतीच वाटली. एवढ्या वर्षांनंतर असं अचानक कळायला लागणं प्रकृतीला बरं नसावं.

आता अध्यक्ष. ते आमच्या इमारतीच्या समितीचे अध्यक्ष. पूर्वी पाण्याचे पंप विकत. मी राहायला आलो तेव्हा तेच अध्यक्ष होते, आणि आमच्या आधी आलेले लोकही हेच सांगत. माणूस वाईट नाही, जिने रोज झाडून घेतो, पण स्वतःखेरीज कुणाच्या हातात किल्ली गेली की त्यांना झोप लागत नाही. नशीब असं, की त्या दिवशी उडालेली एक पट्टी नेमकी त्यांच्या सज्ज्यातल्या कुंडीत पडली होती. त्यावर छापलं होतं : 'कोणतीही व्यक्ती लागोपाठ दोनपेक्षा अधिक वेळा त्या पदावर राहणार नाही.'

ती परत करायला ते आले नाहीत. त्यांनी मलाच जिन्यात गाठलं.

"हे वरून तुम्ही टाकलंत?"

"टाकलं नाही, उडालं."

"नेमकं माझ्याच कुंडीत?"

"तुमच्या कुंडीला वाऱ्याची दिशा..."

"राजकारण चाललंय इमारतीत! हॉलमध्ये जमता, कुजबुजता. आणि माझी बायको कात्री घेऊन तिकडे येते!"

दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली. विशेष सभा, विषय : नियमांत दुरुस्ती. एक, हॉल यापुढे फक्त अध्यक्षांच्या लेखी परवानगीनं उघडेल. दोन, हा नियम यापुढे कधीही बदलता येणार नाही.

टेबलावर अजून अर्ध्या पट्ट्या सुट्या होत्या. हॉलला कुलूप म्हणजे पुस्तक अर्धवट, पुस्तक अर्धवट म्हणजे उत्तर नाही, आणि टिटवीच्या शाळेतला तो एक दिवस पंधरवड्यावर आलेला. मी बायकोला म्हणालो, "मी तिला लिहितो, की आजोबांना घटना पाठ नाही. संपला विषय."

बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "लिहा. पण आधी सभेला जा. तिथे काय झालं तेही लिहा."

सभेला मी मागच्या खुर्चीवर, खांबाच्या आड बसलो. सभांना बसण्याच्या माझ्या जागा नेहमी खांबावरून ठरतात. अध्यक्षांनी विषय मांडला आणि म्हणाले, "दोन तृतीयांश पाहिजेत. हजर असलेल्यांचे."

"सगळ्या घरांचे," गणितबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आपला नियम सर्वांना माहीत आहे. सोळाचे दोन तृतीयांश, दहा पूर्णांक दोन तृतीयांश."

"दोन तृतीयांश घर कुठून आणायचं?" कुणीतरी विचारलं.

"मी एकटाच राहतो," डॉक्टर म्हणाले, "मला धरा."

हशा पिकला. बाईंनी अपूर्णांक वरच्या अंकात नेला आणि अकरा घरं लागतील असं जाहीर केलं. अध्यक्षांचा चेहरा खुलला. कारण हॉलमध्ये चौदा घरं होती, आणि पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांतली बरीच त्यांच्या मर्जीवर होती. "हरकत नाही," ते म्हणाले. "कुणाला काही बोलायचं आहे? नसेलच. तर हात वर..."

मी उभा राहिलो.

मी उभा राहायचं ठरवलं नव्हतं. पाय परस्पर उभे राहिले. खुर्ची मागे पडली, तिच्यावर ठेवलेली छत्री पडली, छत्रीनं खांबाजवळची कचऱ्याची बादली पाडली. एवढ्या गाजावाजानं उभ्या राहिलेल्या माणसानं काही बोलणं भागच होतं.

"मला... एक शंका आहे," मी म्हणालो. आवाज माझा नव्हता. त्यातल्या त्यात टिटवीचा होता. "ही शंका माझ्या नातीची आहे. नियम बदलता येतात, तर ते सगळेच्या सगळे बदलता येतात का?"

"येतात की!" अध्यक्ष म्हणाले. "म्हणून तर सभा आहे."

"मग आजच्या सभेला बदलता येतात, आणि उद्याच्या सभेला का नाही?"

"कायमची शिस्त लागावी म्हणून."

"पण साहेब, समजा, मागच्याच सभेनं असं ठरवलं असतं, की यापुढे काहीच बदलायचं नाही. तर आज तुम्ही हे मांडलं असतं कसं?"

अध्यक्षांनी सूचनेचा कागद उलटून मागची बाजू पाहिली. मला पुढे काय बोलावं कळेना, म्हणून मी खरं तेच बोललो. "तुम्ही ज्या दारानं आत आलात, ते आत आल्यावर बंद करताय. आम्ही आत आहोत, आमचं एक वेळ चालेल. पण उद्या या घरांत जी माणसं राहायला येतील, त्यांनी कुठून यायचं? आपण आज सकाळी एकदम इतके शहाणे झालो का, की पुढच्या कुणाला शहाणं व्हायची गरजच पडू नये? मी तरी झालेलो नाही. मी आयुष्यभर दुरुस्त्या चिकटवल्या. एक सांगतो, प्रत्येक पट्टी लावताना वाटायचं, ही आता शेवटची. आणि दर वेळी पुढची यायची."

वहिनी मधेच म्हणाल्या, "शिवणीत कापड ठेवावंच लागतं हो, पुढे सैल करायला."

"आणि पंपाला परतीचा वाल्व असतो ना?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तो वेगळा विषय आहे!" अध्यक्ष कळवळून म्हणाले. आपल्या पंपाचा कुणी चुकीचा दाखला द्यावा, हे त्यांना जास्त लागलं. "बरं, बरं. प्रस्तावाच्या बाजूनं हात वर करा."

तीन हात वर गेले. एक अध्यक्षांचा. एक दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांचा, ते झोपेतून दचकले होते. तिसरा कुणाचा तो नीट कळला नाही, कारण तो अर्ध्यावरच मागे गेला.

"विरोधात?"

हातांचं रान उठलं. त्यात पहिल्याच रांगेत, बांगड्या खळकन वाजवत, अध्यक्षांच्या बायकोचा हात होता.

"अगं, आपलं घर एक! एका घराचं मत एक!"

"मग ते एक मत माझं धरा," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं आजवर बरीच वर्षं धरलंय."

गणितबाईंनी तेवढ्यात तोंडी हिशेब केला. त्या घराची दोन्ही मतं एकमेकांत वजा झाली, तरी निकालात फरक पडत नव्हता. प्रस्ताव पडला. सगळे टाळ्या वाजवत माझ्याकडे आले, आणि मी बादलीतला कचरा गोळा करायला वाकलो. खाली वाकून कचरा गोळा करताना माणसाला हसू लपवता येतं. वर आलो तेव्हा समोर अध्यक्ष उभे होते. त्यांनी खिशातून ती कुंडीतली पट्टी काढली, बोटांनी सरळ केली आणि माझ्या हातात दिली.

"ही लावा तुमच्या पुस्तकात," ते म्हणाले. मग जरा घुटमळून, "पुढच्या वेळी मीही येऊ का? नुसता बसेन."

"किल्ली तुमच्याचकडे आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला त्याच दिवशी, त्याच जागी, वेळेवर सुचलं. मी घरी जाऊन बायकोला ते दोनदा सांगितलं.

वेळ कमी होता, म्हणून रविवारची वाट न बघता आम्ही पुढचे दोन-तीन दिवस रोज बसलो. शेवटी हाती आलेल्या सगळ्या पट्ट्या जागेवर लागल्या. एक सापडलीच नाही. खालच्या चादरीबरोबर धुतली गेली असावी. वहिनी म्हणाल्या, 'पट्टी हरवली' असं लिहून टाका त्या जागी पेन्सिलीनं, पुढचा कुणी शोधेल.

मग मी टेबलाशी बसलो आणि टिटवीला उत्तर लिहिलं, स्वतःच्या शब्दांत :

'प्रिय टिटवी, मला घटना पाठ नाही. पण तू थाप मारलीस असं कुणी म्हणालं, तर सांग की तुझ्या आजोबांनी आता ती वाचली आहे, आणि पाठ असण्यापेक्षा ते जड काम आहे.

'आम्ही लोक' म्हणताना मला कुणी विचारलं नव्हतं, मी तेव्हा फार लहान होतो. पण परवा विचारलं, आणि मी उत्तर दिलं. पुष्कळदा विचारतात. आपण खांबाच्या आड बसलेले असतो.

कलम म्हणजे आधीच्या माणसांनी जे ठरवलं ते. दुरुस्ती म्हणजे त्यांना सगळंच माहीत नव्हतं, असं मागून आलेल्यांनी केलेलं म्हणणं. कधी त्यांचं बरोबर असतं, कधी नसतं. म्हणून जुनं खरवडून काढत नाहीत, वर पट्टी लावतात. खालचं मागाहून वाचता येतं. किटली लागते एवढंच.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. यावर मोठमोठ्या न्यायाधीशांचं एकमत नाही, तेव्हा माझं एकट्याचं मत तू वर्गात जपून वाच. मला वाटतं, पुष्कळ बदलता येतं. पण पुढच्यानं बदलायला यायचं दार कुणाला काढून टाकता येऊ नये. आमच्या हॉलचं दार या रविवारी उघडं होतं. तुझा प्रश्न तिथे मी मोठ्यानं विचारला. तुझ्या आवाजात विचारला म्हणून ऐकू गेला.'

संध्याकाळी बायको आणि मी कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. वाटेत डॉक्टरांनी दवाखान्याच्या दारातून, "काका, टाकलंत का?" असं विचारलं. अध्यक्ष जिन्यात झाडू घेऊन उभे होते, त्यांनी झाडू खाली ठेवून वाट दिली.

"तिकीट लावलंत ना?" पेटीपाशी बायकोनं विचारलं. "पाकीट नीट बंद केलंत?"

"चिकटवण्यात माझी कधी चूक झालेली नाही," मी म्हणालो.

आणि या वेळी तर मी चिकटवण्याआधी वाचलंही होतं. पत्र आत पडल्याचा आवाज आला.